काचा खाली, पट्टे मोकळे

आमच्याकडे गोठलेल्या तळ्यावर गाडी घालण्याआधी दोन गोष्टी करतात. काचा पूर्ण खाली घेतात आणि सीटचे पट्टे सोडतात. थंडी कितीही असो. बर्फ फुटून गाडी खाली जाऊ लागली तर बाहेर पडायला हातमोजा काढण्याइतकाच वेळ मिळतो, आणि तेवढ्यात दार ढकलून उघडणं कुणाला जमत नाही, कारण पाणी ते बाहेरून दाबून धरतं. शाळेतल्या पोरांनाही हे ठाऊक असतं. तिसरी गोष्ट मात्र फक्त बाल्डरच्या गॅरेजची आहे. दुरुस्तीचा शेवटचा हात ज्याचा, त्याने त्या गाडीत बसून पलीकडे जायचं. ही रीत त्याच्या वडिलांनी पाडली. त्यामुळे हिवाळ्यात "झाली गाडी, जा" असं बाल्डर सहजासहजी म्हणत नाही.

मार्च संपत आला होता. दुपारी सिरिल गॅरेजमध्ये आला आणि टोपी न काढता दारातच उभा राहिला. बर्फाचा रस्ता तोच सांभाळतो. भोकं पाडून जाडी मोजतो, दोन्ही बाजूंना स्प्रूस झाडाच्या फांद्या रोवून वाट आखतो, आणि रस्ता कधी बंद करायचा तेही तोच ठरवतो.

"आज शेवटचा दिवस," तो म्हणाला. "दक्षिणेचा वारा सुटलाय. सूर्य टेकला की मी दांडी आडवी टाकणार. मग पंतप्रधान आला तरी सोडणार नाही."

"पंतप्रधान कशाला मरायला येतोय इथे," गाडीच्या खालून बाल्डर म्हणाला.

गाडीशेजारी चाकांच्या खुर्चीत गुड्रून अम्मा बसली होती. पेलिकन बेटावरची. आमच्या गावात आजीला अम्मा म्हणतात आणि आजोबांना आफी, आइसलँडहून आलेल्या लोकांची ती जुनी सवय. ही मात्र साऱ्या गावाची अम्मा. थंडीच्या सुरुवातीला ती मासे साफ करायच्या शेडमध्ये घसरून पडली. तेव्हापासून ती तळ्याच्या अलीकडे, आधी हॉस्पिटलात आणि मग नात आस्टाच्या घरी होती. एक पाय अजून फळीला बांधलेला, सरळ पुढे आलेला. पलीकडे बेटावर तिचा नवरा, वाल्डी आफी, एकटा. त्याचं हृदय थकत चाललं होतं. बेट सोडायला तो तयार नव्हता, आणि बेटावर जाणाऱ्या नर्सने गेल्या आठवड्यात आस्टाला फोनवर सांगितलं होतं, "बोटी सुरू होईपर्यंत वाट बघू नका." रस्ता बंद झाला की बर्फ पूर्ण वितळून बोट निघेपर्यंत मधले कितीतरी आठवडे धड चालताही येत नाही आणि धड वल्हवताही येत नाही. आज गेली तर अम्मा वाल्डीला भेटणार होती. सगळं एवढ्यावर होतं.

अम्माला स्नोमोबिलवर, त्या बर्फावरच्या स्कूटरवर, बसवणं शक्य नव्हतं. ट्रकमध्ये तो सरळ पाय मावत नव्हता. हेलिकॉप्टर येतं ते माणसाला घरातून न्यायला, घरी पोचवायला नाही. उरली ही व्हॅन. चर्चच्या बायकांनी केक विकून विकून घेतलेली. बाजूला सरकतं दार, त्यातून बाहेर येणारा रॅम्प, खुर्ची सरळ आत ढकलायची आणि गाडीच्या तळाला चार पट्ट्यांनी बांधायची. आणि तीच व्हॅन नेमकी बिघडली होती.

दोन दिवसांपूर्वी आस्टा ती घेऊन आली तेव्हा मी तिथेच होतो. शाळेच्या लायब्ररीतून निवृत्त झाल्यापासून दुपारची कॉफी मी बाल्डरकडेच पितो. त्याला बारीक अक्षर दिसत नाही आणि चष्मा लावायचा नसतो, म्हणून तो मला कॉम्प्युटरवरच्या सूचना वाचून दाखवायला लावतो. मला त्यातलं फारसं काही कळत नाही.

आस्टा तेव्हा म्हणाली होती, "वायपर आपोआप फिरतात. ते चालवून घेतलं. पण काल हॉस्पिटलच्या दारात अम्माला आत बसवलं, मी बाहेर उतरले, आणि खटकन सगळी दारं बंद. किल्ली माझ्या हातात. दाबतेय, दाबतेय, काही नाही. काचा वर. अम्मा आत बसून माझ्याकडे बघतेय."

"मी तुला हात करत होते," अम्मा म्हणाली. "तुला वाटलं मी घाबरले. मी म्हणत होते, पर्स बाहेर राहिलीय."

बाल्डर हसला नव्हता. त्याने बॅटरी तपासली, मग फ्यूज, मग गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या अर्थिंगच्या तारा एकेक करून. प्रत्येक ठिकाणी मीटरचा आकडा त्याला हवा तसाच आला. तेव्हा तो ड्रायव्हरच्या पायांजवळचं प्लास्टिक काढून आत शिरला आणि वहीएवढी एक काळी पेटी बाहेर घेऊन आला. बॉडी कंट्रोल मॉड्यूल. दारं, काचा, दिवे, वायपर, किल्लीची ओळख, सगळ्यांना हुकूम तिथून सुटतात. त्याने ती कानाजवळ धरून हलवली आणि माझ्या कानाजवळही हलवली. आत पाणी होतं. झाकण उघडलं तर आतल्या पट्टीवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी साय चढलेली.

"पाणी आलं कुठून?" आस्टाने विचारलं.

"पुढच्या काचेच्या कडेने. या गाड्यांचं नेहमीचंच," बाल्डर म्हणाला, आणि त्याने काचेच्या कडेला डिंक भरून टाकला. नवं मॉड्यूल विनिपेगहून मागवलं.

ते आज सकाळी आलं आणि तासाभरात बसलंही. पण नुसतं बसवून भागत नाही. नवं मॉड्यूल कोरं असतं. ही गाडी कुठली, तिच्या किल्ल्या कुठल्या, तिला सरकतं दार आहे की नाही, सारं त्याला कॉम्प्युटरवरून शिकवावं लागतं, आणि शिकत असताना मध्येच वीज खालीवर झाली तर ते कायमचं मरतं. दुसरं मागवायला वेळ नव्हता. म्हणून बाल्डरने गाडीच्या बॅटरीला चार्जर लावला, गॅरेजमधला हीटर बंद केला, रेडिओ बंद केला, आणि सगळ्यांना दम दिला.

"कुणी दाराला हात लावायचा नाही. कुणी गाडीला टेकायचं नाही. आस्टा, ती किल्ली खिशातून काढून तिकडे टेबलावर ठेव. मास्तर, तुम्ही फक्त पडद्यावर काय येतं ते वाचा."

"श्वास घेतला तर चालेल ना रे?" अम्माने विचारलं.

"हळू घे."

पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू लांबत होती. मी आकडे वाचत गेलो. माझा आवाज मलाच परका वाटत होता. खिडकीतून दिसणारं ऊन पिवळं होत चाललं होतं, आणि छपरावरून पाण्याचे थेंब ठिबकत होते. महिनाभरापूर्वी तो आवाज ऐकून आम्ही खूष झालो असतो.

पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली असेल. एकदम कोपऱ्यात धडधड सुरू झाली आणि डोक्यावरचे दिवे मंदावले. हवा भरायचा कॉम्प्रेसर! दाब कमी झाला की तो आपला आपण सुरू होतो, आणि तो बंद करायचा राहून गेला होता. चार्जरवरचा हिरवा दिवा लाल झाला. बाल्डर एवढा जाड माणूस, पण मी त्याला कधी तसं धावताना पाहिलं नव्हतं. त्याने कॉम्प्रेसरची वायर भिंतीतूनच उपटली.

दिवे पुन्हा उजळले. पट्टी जागच्या जागी थांबली होती.

"वाचा," तो म्हणाला.

"तेवढंच आहे."

"वाचा!"

"बाल्डर, हलत नाहीये ते."

आस्टाने दोन्ही हात तोंडावर धरले. मग पट्टी हलली. मी आकडा वाचला तेव्हा बाल्डर बादली पालथी घालून तिच्यावर बसला, आणि शेवटपर्यंत तसाच बसून राहिला.

गाडी सुरू झाली. किल्ली ओळखली. काचा खाली, काचा वर. दिवे लागले. सरकतं दार मऊ आवाज करत उघडलं आणि रॅम्प बाहेर आला. अम्माने टाळ्या वाजवल्या. आस्टा सामान भरायला लागली. वाल्डी आफीची औषधं, पिठाची पिशवी, थरावर थर रचलेला विनारतेर्ता, म्हणजे आइसलँडचा केक, जो त्याला डॉक्टरने खाऊ नको म्हणून सांगितला होता.

"दिवस आहे अजून," सिरिल बाहेर बघत म्हणाला. "निघा."

अम्माला आत ढकललं. बाल्डरने चारही पट्टे ओढून बघितले. पट्टे कापायचा सुरा नेहमीप्रमाणे गाडीत दाराशेजारी लटकवला. दार सरकवून बंद केलं आणि तो जॅकेट घालायला वळला.

खट्.

अगदी बारीक आवाज. सरकत्या दाराचं कुलूप आपलं आपण लागलं होतं.

आस्टाने ऐकलं नव्हतं. सिरिलनेही नाही. मी ऐकलं आणि बाल्डरने ऐकलं, आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं. ते त्याने ऐकलं नाही असं झालं असतं तर मी बोललो असतो का, हे मी स्वतःला नंतर पुष्कळदा विचारलं आहे. आस्टाच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो मोडायची माझी हिंमत झाली असती की नाही, सांगता येत नाही. सुदैवाने प्रश्न माझ्यावर आला नाही.

बाल्डरने दाराचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर दार उघडलं, अर्ध्यावर थांबलं, आणि मग पुढे गेलं.

"काय झालं?" आस्टा म्हणाली.

"खाली उतरव तिला."

"बाल्डर, उघडलं ना ते!"

"तिसऱ्यांदा उघडलं. पाण्याखाली तू तीनदा दाबणार आहेस?"

"नवी पेटीसुद्धा खराबच?" सिरिलने विचारलं.

बाल्डर पुन्हा ड्रायव्हरच्या पायांजवळ शिरला. मी टॉर्च धरला. नवं मॉड्यूल कोरडं होतं, स्वच्छ. त्याने त्याच्यात खोचलेला तारांचा जुडगा बाहेर ओढला. तारांच्या बाजूने, खालून वर, ओल चढत आली होती. त्याने पायाखालच्या गालिच्याची कड धरली आणि ती उचकटून वर केली. खाली जाड स्पंज असतो. तो त्याने पिळला, तर पाण्याची धारच लागली. डिंक भरलेल्या काचेकडून इतकं पाणी दोन दिवसांत येणं शक्य नव्हतं.

मग त्याने ओलं बोट जिभेला लावलं.

"मास्तर, चाखा."

मी चाखलं. खारट होतं, कडू म्हणावं इतकं.

"पावसाचं नाही हे," बाल्डर म्हणाला. मग त्याने मान वळवून सरकत्या दाराकडे बघितलं. "आस्टा, रॅम्पवर तू काय टाकतेस? बर्फ धरू नये म्हणून?"

"काय टाकणार? सगळे टाकतात तेच. माशांचं मीठ."

आमच्या गावात प्रत्येकाच्या पायरीवर तेच असतं. मासे खारवायचं जाडं मीठ, पोत्यांनी पडलेलं. रोज सकाळी आस्टा मूठभर रॅम्पवर फेकायची, मग खुर्चीची चाकं बर्फ आणि मीठ दोन्ही घेऊन आत यायची. आत हीटरने ते वितळायचं. तिचं अंगण तळ्याकडे उतरतं, व्हॅन रोज नाक खाली करून उभी असायची, आणि सगळं खारं पाणी गालिच्याखालून पुढे, ड्रायव्हरच्या पायांजवळच्या कोपऱ्यात, नेमकं तारांपाशी जायचं.

"पोतं कुठून आणलंस?" सिरिलने विचारलं.

"याच्याकडूनच." आस्टाने बाल्डरकडे बोट दाखवलं. "दारामागे पडलं होतं. म्हणाला, घेऊन जा, पाय घसरायला नको म्हातारीचा."

सिरिल खो खो हसला असता एरवी. आज तो फक्त बाहेर बघून म्हणाला, "सूर्य झाडांच्या वरच आहे, पण फार वर नाही."

बाल्डरने तारा हातावर घेऊन मोजल्यासारख्या फिरवल्या. काही हिरव्या पडल्या होत्या. त्या कापून नव्या जोडायच्या, एकेक, डाग देऊन, आणि आधी सगळं वाळवायचं. "उद्या दुपारपर्यंत होईल," तो म्हणाला.

आस्टा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"तर मग नकोच जाऊ या," अम्मा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, जेवायला नको म्हणावं तसा. "वाल्डीला फोन लाव. मी सांगते त्याला."

"काय सांगणार?" आस्टा तशीच वळून न बघता म्हणाली.

"सांगेन काहीतरी. साठ वर्षं सांगतेय."

बाल्डर व्हॅनच्या बाहेर आला. हात पुसत तो सरकत्या दारासमोर उभा राहिला, आणि त्याने दाराच्या वरच्या रुळावरून बोट फिरवलं. मग खालच्या रुळावरून.

"अम्मा," तो म्हणाला, "तुझ्या लहानपणी तळं कसं ओलांडायचे?"

"घोड्याच्या घसरगाडीतून. अजून कशातून?"

"दार होतं तिला?"

अम्माने त्याच्याकडे बघितलं. "मूर्खा, घसरगाडीला कसलं दार."

"मास्तर, तो मोठा पाना द्या."

तारा दुरुस्त करायला एक दिवस लागला असता. दार काढायला कॉफी निवेपर्यंतचा वेळ लागला. रुळाच्या टोकाचे तीन बोल्ट, वीज नेणारी एक वायर, आणि आम्ही तिघांनी ते उचलून भिंतीला टेकवलं. इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं. पुढच्या दोन्ही काचा बाल्डरने पूर्ण खाली घेतल्या आणि दारांच्या आतून मोटारींच्या वायरी सोडवल्या, म्हणजे मॉड्यूलच्या डोक्यात काही आलं तरी काचा वर जायला नकोत. जे बंद होऊ शकतं ते गाडीत ठेवायचंच नाही, एवढंच त्याने केलं. रॅम्प पायाने बाहेर ओढून अम्माची खुर्ची पुन्हा आत घेतली.

"दिवे, इंजिन?" सिरिलने विचारलं.

"इंजिन चालेल. दिव्यांचं सांगता येत नाही. मीठ आहे अजून तारांत."

"तुला जायचंच आहे?"

"शेवटचा हात माझा," बाल्डर म्हणाला. मी पाना अजून हातात धरून उभा होतो. तो त्याने माझ्याकडून काढून घेतला आणि रॅम्पचा शेवटचा बोल्ट, जो मी घट्ट केला होता, स्वतः पुन्हा एकदा आवळला. त्याने असं का केलं हे मला कळलं. मी आभार मानले नाहीत, आणि मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

अम्माला दोन झोपायच्या पिशव्यांत घातलं, वर अस्वलाच्या कातड्याचं जुनं पांघरूण. फक्त नाक बाहेर. बाल्डर तिच्या शेजारी जमिनीवर बसला, सुरा हातात. खुर्चीचे चारपैकी दोन पट्टे त्याने आधीच सोडले.

"पलीकडे पोचलात की दिवे मारा," सिरिल म्हणाला. ही नेहमीची पद्धत. पोचलेल्याने गाडी वळवून किनाऱ्याकडे दिवे मारायचे, म्हणजे अलीकडच्यांना घरी जाता येतं.

"याच्या पेटीवर माझा भरवसा नाही," पिशवीतून अम्मा म्हणाली.

आस्टाने गाडी हळू बर्फावर घातली. काठाशी पाणी साचलं होतं, चाकांखाली ते खळखळलं. मग स्प्रूसच्या फांद्यांच्या दोन ओळींमधून ती दूर जाऊ लागली, एका बाजूने उघडी, भिंत पडलेल्या खोलीसारखी. वेग वाढवायचा नसतो, नाहीतर बर्फाखाली पाण्याची लाट उठते. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला मात्र ते संथ जाणं सहन होत नाही.

सूर्य झाडांत गेला. मागचे दोन लाल दिवे दिसत होते. सिरिल त्यांच्याकडे बघत होता आणि मी सिरिलच्या चेहऱ्याकडे. म्हणून दिवे गेले ते मी आधी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं.

"मीठ," मी म्हणालो. "तारांतलं मीठ असेल. बाल्डर म्हणालाच होता."

"असेल," सिरिल म्हणाला.

तो गुडघ्यावर बसला, टोपी काढली आणि कान बर्फाला लावला. मीही तसंच केलं, काय ऐकायचं ते माहीत नसताना. तळं आतून कण्हत होतं, पण ते रोजच कण्हतं. गाडीचा आवाज होता की माझ्याच कानातलं रक्त, मला ठरवता आलं नाही. सिरिलने उठून रस्त्याची दांडी आडवी टाकली, तिला साखळी लावली, आणि दांडीला टेकून उभा राहिला. अंधार पडत होता. फांद्यांच्या ओळी आधी लांबच्या पुसल्या गेल्या, मग जवळच्या.

मला घरी जावंसं वाटत होतं. मी गेलो नाही एवढंच.

पलीकडे, वाल्डी आफीच्या जाळी ठेवायच्या शेडवर एक दिवा असतो. तो रोज संध्याकाळी लागतो आणि रात्रभर जळतो. इकडून ठिपक्याएवढा दिसतो. तो लागला. एरवीसारखाच लागला, आणि सिरिलने मान खाली घातली, कारण त्याचा अर्थ एवढाच की म्हातारा जिवंत आहे आणि त्याने बटण दाबलंय.

मग तो विझला.

पुन्हा लागला. पुन्हा विझला. कुणीतरी घाईघाईने, वैतागल्यासारखं, बटण वरखाली करत होतं.

"ही म्हातारी," सिरिल म्हणाला, आणि त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे, बर्फ घट्ट असतानाच, सिरिलने स्नोमोबिलवरून बाल्डरला परत आणलं. आस्टा तिकडेच राहिली. बाल्डरचं नाक थंडीने काळंनिळं झालं होतं. त्याने कॉफी मागितली, भिंतीला टेकवलेल्या दाराकडे पाहिलं, आणि दारामागे उरलेलं मिठाचं दुसरं पोतं उचलून मागे नेऊन ठेवलं. मध्यावर सगळे दिवे गेले, तो म्हणाला, आणि आस्टाने फांद्या बघत बघत गाडी नेली.

"आणि वाल्डी?" मी विचारलं.

"दारात उभा होता, काठी धरून. गाडी आली, अम्मा अशी उघड्यावर बसलेली, पिशवीतून नाक बाहेर. सगळ्या हिवाळ्यात बायकोला बघितलं नाही त्याने. आम्ही वाट बघतोय, काय म्हणतो."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, गुड्रून, गाडीचं दार कुठंय?"

"मग?"

"ती म्हणाली, दार बाल्डरकडे आहे. तू मला आत ने आणि कॉफी ठेव."